वाचकांचे प्रश्न : एकविसाव्या वर्षापर्यंत पराक्रमाला मनाई

मागील अंकात किशोरवयीन मुलांच्या कॉमिक्सवाचनावर लेख प्रसिद्ध झाल्यापासून सीमाभागातून त्या विषयावरची पत्रे येत आहेत. त्यांतील बरीच पत्रे मार्व्हल कंपनीच्या ‘आउटलॉड’ या कथानकासंबंधी असल्यामुळे या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. अल्पवयीन सुपरहिरोंवर अमेरिकन सरकार कायद्याने बंदी घालते, असे एक इंग्रजी कॉमिक त्याने टॅबवर वाचले आणि तेव्हापासून घरात रोज वाद सुरू आहे. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर त्याने ‘कमलाचा कायदा मागे घ्या’ असे मोठ्या अक्षरांत लिहून खाली चार मित्रांच्या सह्या घेतल्या आहेत. मला स्वतःला तो कायदा योग्यच वाटतो. मुलांनी जीव धोक्यात का घालावा? हे वाचन बंद करावे का?
— एक आई, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : ताई, वाचन बंद करू नये. त्यात मारामारी आहे, इमारतीची पडझड आहे आणि मुले जखमीही होतात. परंतु दहावीच्या मुलापासून लपवून ठेवावे असे काही नाही. मात्र मुलाशी या विषयावर बोलायचे असेल, तर कथानक आपल्यालाही ठाऊक असायला हवे.

मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कथेत ‘चॅम्पियन्स’ नावाचा किशोरवयीन वीरांचा गट जर्सी सिटीमधील एका शाळेत पर्यावरणासाठी लढणाऱ्या त्यांच्याच वयाच्या एका मुलीचे रक्षण करण्यासाठी जातो. तिथे हल्ला होतो, बचावाच्या धडपडीत शाळेची इमारत उद्ध्वस्त होते आणि कमला खान ही विद्यार्थिनी गंभीर जखमी होऊन बेशुद्धावस्थेत जाते. लोक खवळतात आणि एकवीस वर्षांखालील कोणीही, मान्यताप्राप्त प्रौढ वीराच्या देखरेखीशिवाय, सुपरहिरो म्हणून वावरू नये असा कायदा संमत होतो. या कायद्याला लोक जखमी मुलीच्या नावाने ओळखू लागतात. ही कमला खान म्हणजेच ‘मिस मार्व्हल’, चॅम्पियन्सपैकी एक, हे मात्र त्या लोकांना माहीत नसते. जिच्या नावाने कायदा झाला तीच त्या कायद्यानुसार गुन्हेगार ठरते, आणि कायदा होत असताना तिचे म्हणणे विचारण्याची सोयही नसते, कारण ती शुद्धीवर नसते.

आपल्या मुलाचा राग बहुधा इथेच आहे, आणि आमच्या मते तो रास्त आहे. कायद्याचा हेतू वाईट आहे, असे आम्ही म्हणणार नाही. शाळेची इमारत कोसळल्यावर जो पालक ‘मुलांना यातून दूर ठेवा’ म्हणणार नाही, तो पालक कसला? आक्षेप आहे तो कायदा करण्याच्या रीतीला. हल्ला करणारे कोण होते, शाळेत येणाऱ्या त्या मुलीचे रक्षण करण्याची जबाबदारी कोणत्या प्रौढ माणसांची होती, आणि ती माणसे त्या वेळी कुठे होती, या प्रश्नांच्या आधी ‘मुले तिथे का होती’ हा प्रश्न विचारला गेला आणि तिथेच विचार थांबला. आपल्याकडे याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील बाराव्या कलमानुसार, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला त्याच्याशी संबंधित प्रत्येक बाबीत ते मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला वयानुरूप वजन दिले गेले पाहिजे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. अमेरिकेने त्यावर सही केली असली तरी तो अद्याप मंजूर केलेला नाही. म्हणजे कथेतील कायदेमंडळ जसे वागते, तसे वागण्याची मुभा खऱ्या अमेरिकेत या कराराच्या दृष्टीने तरी अजून आहे.

आपल्या मनातील भीतीविषयीही लिहायला हवे, कारण तिच्यात एक विसंगती आहे आणि ती केवळ आपली नाही, आपल्या सगळ्या समाजाची आहे. १९४२ मध्ये नंदुरबारला तिरंगा घेऊन गोळ्या झेलणाऱ्या शिरीषकुमारचा धडा आपण मुलांना अभिमानाने शिकवतो. २ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर शामियान्याला आग लागली, तेव्हा हरिश्चंद्र मेहरा या चौदा वर्षांच्या स्काउटने पेटलेले कापड स्वतःच्या चाकूने कापून अनेकांचे प्राण वाचवले. त्या सोहळ्याला पंडित नेहरू उपस्थित होते, आणि बालकांसाठी राष्ट्रीय शौर्य पुरस्कार सुरू झाले ते त्या घटनेनंतर. आपले कर्नाटक सरकारही मुलांना होयसळ आणि मुलींना केळदी चन्नम्मा यांच्या नावाने शौर्य पुरस्कार देते. टाळ्या वाजवायला आपण सगळे पुढे असतो. पण शिवाजी जन्मावा तो शेजारच्या घरात, हीही आपलीच म्हण आहे. दहावीच्या मुलाला हा दुटप्पीपणा दिसतो, आणि कॉमिकने तो त्याला दाखवला असेल तर त्यात कॉमिकचा दोष नाही.

आमची सूचना अशी की, वहीतील त्या निवेदनाखाली आपणही एक अट लिहावी आणि मग मुलाला सही करायला सांगावे. उदाहरणार्थ, पुरात उडी घेण्याआधी मोठ्यांना हाक मारलीच पाहिजे. ऑगस्ट २०१९ चा पूर आपल्या जिल्ह्याने पाहिलेला आहे, तेव्हा हा विषय कल्पनेतला राहत नाही. तो सही करतो की अट बदलून मागतो, हे ऐकण्यासारखे असेल.

प्रश्न : मी नववीत शिकतो. हा कायदा न्यूयॉर्कमध्ये लागू झाला, तर ती मुले दुसऱ्या राज्यात का जात नाहीत? आमच्याकडे कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र सुरू होतो आणि पुष्कळ नियम बदलतात.
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : मित्रा, सीमेवर राहणाऱ्यालाच सुचावा असा हा प्रश्न आहे, आणि गंमत म्हणजे या कथेतील कमलाही सीमेवरच राहते. तिचे घर न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी या शहरात आहे; मध्ये हडसन नदी आणि पलीकडे न्यूयॉर्क राज्य. ब्रुकलिनमध्ये राहणारा स्पायडरमॅन, म्हणजे माइल्स मोरालेस, आणि ती यांच्यामध्ये तुझ्या निपाणी-कागलसारखीच राज्याची हद्द आहे. तुमच्याकडे दूधगंगेच्या दोन्ही बाजूंना बसचे भाडे वेगळे, पाट्या वेगळ्या, शाळेचा अभ्यासक्रम वेगळा. पण बालन्याय कायदा मात्र एकच, कारण तो संसदेने केला आहे. कथेतील कायदाही अमेरिकेच्या केंद्रीय कायदेमंडळाने केलेला असल्यामुळे नदी ओलांडून काही उपयोग नाही.

याला एक जोड देतो, कारण एकवीस हा आकडा कथाकारांनी हवेतून आणलेला वाटत नाही. अमेरिकेत दारू खरेदीचे वय ठरवणे हे राज्यांचे काम होते. १९८४ मध्ये केंद्राने कायदा करून सांगितले की, जे राज्य हे वय एकवीसच्या खाली ठेवील त्याच्या महामार्ग निधीत कपात केली जाईल. हळूहळू सगळी राज्ये वठणीवर आली. तेव्हापासून तिथल्या तरुणांच्या मनात ‘अजून तू लहान आहेस’ म्हणजे एकवीस, हे समीकरण पक्के आहे.

प्रश्न : प्रौढ वीराच्या देखरेखीखाली काम करण्याची सवलत या कायद्यात आहे. मग तो अन्यायकारक कसा? आपल्याकडेही अल्पवयीनांच्या कृत्यांसाठी पालकांना जबाबदार धरणारे कायदे आहेतच.
— विधी शाखेची एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : आपण दिलेली तुलना उपयोगी आहे; मात्र ती पुढे नेली की या कायद्यातील उणीव अधिक स्पष्ट दिसते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १९९क हे कलम घ्या. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. कॉलेज रोडवर भरधाव जाणाऱ्या विनापरवाना दुचाकी पाहिल्या की या कलमाची अंमलबजावणी कितपत होते अशी शंका येते, हा भाग वेगळा. पण कायद्याचा रोख स्पष्ट आहे. ज्याच्या हातात किल्ली, त्याच्या गळ्यात जबाबदारी.

कथेतील कायद्याचा रोख याच्या उलट आहे. अंमलबजावणीसाठी ‘क्रेडल’ नावाची यंत्रणा उभी राहते आणि तिची सगळी ताकद मुलांना हुडकणे, पकडणे आणि सुधारकेंद्रात डांबणे यांवर खर्च होते. भारतातील २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार, कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही आणि चोवीस तासांच्या आत बालन्याय मंडळासमोर हजर करावे लागते. सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असला, तरी प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा की नाही याचे आधी मूल्यमापन करावे लागते. आपल्या कायद्याच्या व्यवहारात हजार त्रुटी असतील, पण मूल हे आधी मूल आहे हे त्याने कागदावर तरी मान्य केले आहे.

वयोमर्यादेचा मुद्दा तर आणखी अवघड आहे. अमेरिकेत अठराव्या वर्षी मतदान करता येते आणि पालकांच्या संमतीने सतराव्या वर्षी सैन्यातही भरती होता येते. म्हणजे एकोणीस वर्षांचा तरुण सरकारच्या हुकमाने बंदूक चालवू शकतो, पण स्वतःहून कोणाला जळत्या घरातून बाहेर काढले तर कायदा मोडतो. असा एकवीसचा अडसर आपल्याकडेही एके काळी होता : न्यायालयाने पालक नेमलेल्या मुलाला १८७५ च्या सज्ञानता कायद्याप्रमाणे एकविसाव्या वर्षी सज्ञान मानत असत, आणि ही तरतूद १९९९ मध्ये काढली गेली.

याच कंपनीच्या २००६ मधील ‘सिव्हिल वॉर’ या कथानकाशी ताडून पाहावे. तिथेही स्टॅमफर्ड गावातील शाळेजवळ तरुण वीरांच्या कारवाईत स्फोट होतो, सहाशेहून अधिक माणसे मरतात आणि कायदा येतो. पण तो नोंदणीचा कायदा असतो. नाव सांगा, प्रशिक्षण घ्या, मग काम करा. त्यावरून प्रौढ वीरांमध्ये उभी फूट पडते आणि युद्ध होते. मुलांच्या वेळी मात्र नोंदणीऐवजी थेट बंदीच येते. ज्यांना मत नाही त्यांच्याविरुद्धचा कायदा अधिक कडक निघतो, हे निरीक्षण कथाकारांनी मुद्दाम केले असावे असे आम्हांला वाटते. ‘आउटलॉड’च्या लेखिका ईव्ह यूइंग या शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ आहेत आणि शिकागोतील सार्वजनिक शाळा बंद पाडण्याच्या निर्णयांवर त्यांनी ग्रंथ लिहिला आहे. मुलांच्या भल्यासाठी म्हणून वर बसलेल्या मंडळींनी घेतलेला निर्णय खाली गल्लीत कसा पोहोचतो, हे त्यांनी अभ्यासाने जाणलेले आहे.

प्रश्न : आमच्या लहानपणी इंद्रजालचा वेताळ हातात दिसला तरी छडी बसे. आता त्याच कॉमिक्सवर आपण इतकी चर्चा करता, याचे नवल वाटते. कॉमिक्सवर खरोखर कायदेशीर बंदी कधी होती का?
— एक निवृत्त शिक्षक, खानापूर

उत्तर : गुरुजी, होती, आणि तो इतिहास या कथेच्या तळाशी आहे. १९५४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीने कॉमिक्सची जाहीर चौकशी केली. मुले बिघडतात म्हणून गावोगावी कॉमिक्सच्या होळ्या त्याआधीच पेटल्या होत्या. सरकारी कायद्याच्या धास्तीने प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःची आचारसंहिता तयार केली आणि तिचा शिक्का मुखपृष्ठावर छापू लागले. मार्व्हलने तो शिक्का २००१ मध्ये सोडला आणि २०११ मध्ये ती व्यवस्था पूर्ण मोडीत निघाली.

आपल्या संसदेनेही १९५६ मध्ये अल्पवयीनांसाठी हानिकारक प्रकाशनांचा कायदा केला. गुन्हे, हिंसा, क्रौर्य किंवा किळसवाणे प्रसंग अशा रीतीने रंगवणारे प्रकाशन, की ज्यामुळे मुलांची मने बिघडावीत, ते विकणे, भाड्याने देणे वा बाळगून प्रसार करणे हा या कायद्याने गुन्हा ठरवला. त्यातील ‘अल्पवयीन’ या शब्दाची व्याख्या वीस वर्षांखालील व्यक्ती अशी आहे. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाली, ती या कायद्याच्या छायेतच, आणि तरीही १९९० पर्यंत चालली. वेताळावर कोणी खटला भरल्याचे ऐकिवात नाही. आपली छडी कायद्यापेक्षा कडक होती, असे फार तर म्हणता येईल.

म्हणून ज्या व्यवसायाला ‘मुलांच्या भल्यासाठी’ म्हणून एकदा पिंजऱ्यात उभे केले गेले, त्यानेच सहासष्ट वर्षांनी ‘मुलांच्या भल्यासाठी’ मुलांनाच पिंजऱ्यात घालणाऱ्या कायद्याची कथा सांगावी, यात आम्हांला नवल वाटत नाही. जुना हिशोब आहे तो.

प्रश्न : ही कथा कोणत्या क्रमाने वाचावी?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आधी ‘आउटलॉड’ हा स्वतंत्र अंक, मग ऑक्टोबर २०२० पासून निघालेली ‘चॅम्पियन्स’ ही मालिका. मधल्या काळात कोरोनामुळे छपाई आणि वितरण अडले होते, त्यामुळे दोन्हींत अंतर दिसते. पहिल्या संग्रहखंडात मूळ अंक आणि मालिकेचे पहिले पाच अंक एकत्र मिळतात. सहाव्या अंकापासून लेखन डॅनी लोर यांच्याकडे जाते आणि कथेचा सूरही थोडा बदलतो. माइल्स आणि कमला यांच्या स्वतंत्र मालिकांतही या कायद्याचे पडसाद आहेत. ते नंतर वाचले तरी चालतील. कायद्याचे पुढे काय होते ते इथे सांगत नाही, कारण टिळकवाडीच्या त्या मुलाने मालिका शेवटपर्यंत वाचली आहे की नाही, हे त्याच्या आईने कळवलेले नाही.