२०२५ मध्ये काय वाचलं? बहुतेक सगळं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं

तुम्ही विचारलंय की सरत्या वर्षात किती पुस्तकं झाली, कुठलं लक्षात राहिलं आणि नोकरी सांभाळून वाचायला वेळ कसा काढता. किती झाली ते मोजलं नाही, यंदा एकेक पुस्तक महिना महिना चाललं. ते का चाललं हे सांगते, त्यात बाकीचं उत्तर येईलच.

मी लातूरला असते, पतसंस्थेत नोकरी. वर्षाच्या सुरुवातीला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणले थोडे दिवस टीव्ही-मोबाईल कमी करा. आई चौथी शिकलेली, सगळं आयुष्य औसा तालुक्यातल्या खेड्यात गेलेलं, पण ऐकायची आवड भारी, पोथी असो कीर्तन असो. तर रात्री जेवणं झाली की मी वाचायचं आणि तिनं ऐकायचं असं सुरू झालं. डोळे चांगले झाले तरी ते बंद पडलं नाही, आता तीच भांडी आवरली की चष्मा लावून येऊन बसते आणि म्हणते, चल की.

फेब्रुवारीत कादंबरीकार रा. रं. बोराडे सर गेले. आमच्याच जिल्ह्यातले, काटगावचे. म्हणून ‘पाचोळा’ परत काढली. गावातल्या गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत कशी होते त्याची ही कादंबरी, १९७१ ची, आणि सगळं सांगते त्याची बायको पार्वती, तिच्या बोलीत. कॉलेजात असताना मी ती परीक्षेपुरती वाचली होती आणि तेव्हा डोळ्यांनी भराभर वाचताना त्या बोलीला मी सारखी अडखळायचे, वाटायचं हे सरळ का नाही लिहिलं. आता आईपुढं वाचायला बसले तर पहिल्या दोन पानांतच आईनं थांबवलं, ‘पेपर वाचल्यावानी काय वाचूलालीस, बोलल्यावानी वाच की.’ मग मी वेग कमी केला, मामीच्या, मावशीच्या बोलण्यात जसा हेल असतो तसा घेतला, आणि खरं सांगते, ज्या वाक्यांना मी अडत होते ती आपोआप नीट पडायला लागली. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढतो, कुठं बाई मनातल्या मनात बोलतेय, हे सगळं त्या लिहिण्यातच आहे, फक्त ते तोंडातून काढावं लागतं. आई तर पार्वतीशी बोलायचीच, ‘अगं समजाव की त्याला’, आणि मग पुस्तक बाजूला ठेवून तिच्या गावच्या शिंप्याची गोष्ट, ओसरीवर त्याचं मशीन असायचं, पैसे कुणाकडं नसायचे, सुगीला ज्वारी घालायची त्याच्या घरी, आणि तयार कपड्यांची दुकानं आल्यावर त्याची पोरं पुण्याला गेली ती गेलीच. त्या रात्री वाचन चार पानं आणि बोलणं बारा वाजेपर्यंत. माझं वर्षभराचं वाचन म्हणजे हेच, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. बोलीतलं पुस्तक नुसतं डोळ्यांनी वाचलं तर निम्मं हाती लागतं असं माझं आता पक्कं मत झालंय.

त्याच धीरावर आषाढात ‘लीळाचरित्र’ घेतलं. तेराव्या शतकातलं गद्य, म्हणजे लोक नाव ऐकूनच लांब पळतात, मीही इतकी वर्षं त्याच्या वाटेला गेले नव्हते. पण महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या या आठवणी त्यांच्याच पंथातल्या म्हाइंभटांनी गोळा केल्या त्याच मुळी लोकांच्या तोंडून, ज्यांनी बघितलं-ऐकलं त्यांना विचारून, स्वामींनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांकडून खात्री करून घेऊन. त्यामुळं लीळा छोट्या छोट्या आहेत, कुणी आलं, काही विचारलं, स्वामी काय म्हणले, संपली. शब्द सगळे कळत नाहीत, मागची टीप बघावी लागते, पण वाक्यं इतकी तोकडी आणि बोलती आहेत की दोनदा मोठ्यानं म्हणलं की अर्थ उलगडतो. आणि पैठण, बीड, वेरूळ ही आपली गावं त्यात सारखी येतात. रोज एक-दोन लीळा, त्याहून जास्त नाही. अजून चालूच आहे.

सप्टेंबरात १७ तारखेच्या आसपास अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हातात घेतलं. शाळेत झेंडावंदन आणि भाषणं यापलीकडं आपल्याला मुक्तिसंग्राम शिकवलाच नाही नीट, देश १५ ऑगस्ट १९४७ ला सुटला आणि आपण, निजामाच्या हैदराबाद संस्थानातले, १७ सप्टेंबर १९४८ ला, तेही १३ तारखेला भारताच्या फौजा आत आल्यावर, म्हणजे मधलं वर्षभर इथं लोकांनी काय काय सोसलं ते वाचायलाच पाहिजे. हे पुस्तक मात्र मी एकटीनं वाचलं, नावं आणि घटना इतक्या आहेत की मोठ्यानं वाचून जमत नाही, पेन्सिल घेऊन बसावं लागतं. आईला मधूनमधून सांगायचे, मग ती तिच्या वडिलांचं सांगायची, ते उर्दूत शिकलेले, सही उर्दूतच करायचे, मराठी वाचायला नंतर शिकले.

आणि त्याच महिन्यात तो पाऊस. मराठवाड्यात ज्यांचं शेत आहे त्यांना काही सांगायला नको. भावाच्या रानात गुडघाभर पाणी, काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. पंधरा-वीस दिवस पुस्तकाला हातच लागला नाही. नंतर जे काही हाती लागलं ते बाजारात नेलं तर हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि व्यापारी ओलाव्याचं कारण सांगून त्याच्या कितीतरी खाली, सरकारी खरेदीला १२ टक्क्यांच्या आत ओलावा लागतो, तो त्या पावसानंतर आणायचा कुठून. त्या दिवसांत मी भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ वाचली. पोरगा बापाबरोबर बाजारात टमाटे विकायला जातो, भाव पडत पडत जातो आणि शेवटी बाप टमाटे पायाखाली तुडवतो. ही कथा आईला वाचून दाखवली नाही, भाऊ आलेला होता, पलीकडंच बसला होता. पण पुढच्या आठवड्यात त्यानंच पुस्तक उचललं आणि उभ्यानं वाचून काढली, नंतर एवढंच म्हणला की हे लिहिणाऱ्यानं बाजार बघितलेला आहे. माझ्या मते कथेबद्दल याच्यापेक्षा चांगलं परीक्षण मी वर्षभरात कुठं वाचलं नाही.

यश मिळवा, सवयी बदला छापाची दोन पुस्तकं ऑफिसातल्या मैत्रिणीनं दिली होती, ती अर्ध्यात सोडली. विचारवंत नरहर कुरुंदकरांचे लेख डिसेंबरात सुरू केलेत, एक लेख वाचला की दोन दिवस डोक्यात फिरतो, त्यामुळं घाई करणार नाही.

वेळेचं विचारलंत, तर जेवणानंतरचा अर्धा-पाऊण तास, बस. ठरवून काढला असता तर चार दिवसांत मोडला असता, समोर ऐकणारं माणूस वाट बघत बसलेलं असतं म्हणून टिकला. तुमच्याही घरात आजी असेल, सासरे असतील, शाळेतलं पोरगं असेल तर एकदा करून बघा, आणि सुरुवात आपल्या भागातल्या पुस्तकानं करा, ऐकणारा लगेच मध्ये बोलायला लागतो.

पुढच्यासाठी अनुराधा पाटील यांचा ‘कदाचित अजूनही’ हा कवितासंग्रह वाचनालयातून आणून ठेवलाय, २०१९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे. कविता आईला कशी वाचून दाखवायची हे मात्र मला अजून सुधरत नाही, एका बैठकीत एक की दोन-तीन, आणि मध्ये बोलायचं की नाही. कुणी घरी कविता मोठ्यानं वाचत असेल तर खाली लिहा ना.