अमेरिकेच्या डोंगरांत चार दिवस तंबूत राहायचंय, अस्वलांसाठी बेअर स्प्रे पुरे होईल का?

एकटा स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीचा तिखट फवारा, पुरत नाही. तो वापरायची वेळ येऊच नये, हे बरंचसं तुम्ही रोज संध्याकाळी वास कसा आवरता त्यावर ठरतं. अस्वल तंबूशी येतं ते बहुतेक वेळा वासामागून.

इथे खाणं म्हणजे नुसता डाळ-तांदूळ नव्हे. टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, ओले वाइप्स, चॉकलेटचा रिकामा कागद, भांडी, कचरा हे सगळं त्यातच धरा. जॅकेटच्या खिशात राहिलेली चार बिस्किटंही. झोपण्याआधी सॅकचे सगळे खिसे, कमरपट्ट्यावरचे छोटेसुद्धा, उलटे करून पाहा. ज्या कपड्यांत स्वयंपाक केला ते घालून झोपू नका.

हे सगळं ठेवायला बेअर कॅनिस्टर घ्या. कडक प्लास्टिकचा गोल डबा असतो, रिकामाच साधारण सव्वा किलोचा. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात रात्र काढायची तर तो सक्तीचा आहे, तिथे झाडाला पिशवी टांगलेली चालत नाही. निघण्याआधी घरीच भरून बघा. पाकिटांना टाचणीने भोक पाडून हवा काढली की बरीच जागा होते. लोक नेमके चुकतात ते इथे: जेवण मावतं, पण टूथपेस्ट आणि कचऱ्याला जागा उरत नाही, मग ते तंबूत जातं. पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण तेवढं बाहेर राहिलं तर चालेल.

डबा सपाट जमिनीवर ठेवा, कड्यापासून आणि पाण्यापासून लांब, कारण अस्वल तो लोळवत नेतं. दोरी बांधू नका, ओढून न्यायला त्याला मूठच मिळते. आणि स्वयंपाक चालू असतानाही झाकण लावलेलं असू द्या. उघडा डबा म्हणजे नुसतं भांडं.

ग्रिझ्लीच्या (ही तपकिरी अस्वलं, ‘काळं अस्वल’ ही जात वेगळी) मुलखात तंबूपासून निदान ९० मीटरवर चूल मांडा, डबाही तितकाच लांब. वारा तंबूकडून चुलीकडे वाहत असावा. बेरीची झुडपं, ताजी विष्ठा, जनावरांची वाट, मेलेलं जनावर दिसलं तर तिथे मुक्काम नकोच.

आता स्प्रे. तो विमानात नेता येत नाही, ना हातात ना सामानात, तेव्हा तिथेच विकत घ्या. योसेमिटीत त्याला बंदी आहे, तेव्हा जाल त्या उद्यानाचा नियम आधी वाचा. चालताना कमरेला किंवा छातीच्या पट्ट्याला लावा. सॅकच्या तळाशी असेल तर नसल्यासारखाच. अस्वल अंगावर येऊ लागलं की सेफ्टी क्लिप काढा आणि ते साधारण ९ मीटरवर आलं की, नेम किंचित खाली धरून, एक-दोन सेकंद फवारा. त्याला त्या ढगातून यावं लागलं पाहिजे. स्प्रेचा सगळा डबा काही सेकंदांतच संपतो, म्हणून थोडा राखून ठेवा. तंबूवर किंवा सामानावर मात्र कधीच मारू नका: वाळलेल्या स्प्रेच्या वासाने अस्वल उलट जवळ येतं.

समोर आलंच तर पळू नका, ते ताशी ५० किलोमीटरच्या वर धावतं. शांत आवाजात बोलत, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. कुठल्या जातीचं ते रंगावरून ओळखू नका, ‘काळी’ अस्वलं तपकिरी रंगाचीही असतात. ग्रिझ्लीच्या खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा असतो आणि पुढच्या नख्या लांब असतात. पिल्लांसाठी किंवा दचकून ग्रिझ्लीने धरलं तर पालथे पडा, सॅक पाठीवर राहू द्या, दोन्ही हात मानेमागे गुंफा, पाय फाकवा म्हणजे ते उलथवू शकणार नाही, आणि ते दूर जाईपर्यंत हलू नका. काळ्या अस्वलाने हल्ला केला तर मात्र दगड, काठी, जे हाताला लागेल त्याने तोंडावर मारा.

रात्री कुठलंही अस्वल तंबूत घुसलं तर मेल्याचं सोंग मुळीच नको. ते घाबरून आलेलं नसतं, तुम्हाला भक्ष्य समजून आलेलं असू शकतं. ओरडा, स्प्रे मारा, झगडा. म्हणून झोपताना स्प्रे आणि टॉर्च उशाशी, रोज एकाच जागी ठेवा.