हे चित्र कागदाचं की संख्यांचं?

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला चौकटीचा कागद दोन दिवस माझ्या टेबलावर आहे. एका ओळीत तीस घरं, १ पासून ९०० पर्यंत आकडे, मूळ संख्यांची घरं लाल. खाली तू लिहिलंयस, "सर, उभे पट्टे दिसतात!" दिसतात खरे. पहिली ओळ सोडली तर लाल रंग आठच रकान्यांत आहे: १, ७, ११, १३, १७, १९, २३ आणि २९. उरलेले बावीस रकाने कोरे.

पण हे पट्टे आले कुठून? एक घर खाली उतरलं की आपण ३० मिळवतो, आणि ३० ला २, ३, ५ या तिघांनीही भाग जातो. म्हणून चौदाव्या रकान्यातली प्रत्येक संख्या सम, एकविसाव्यातली प्रत्येक तिनाच्या पाढ्यातली. तिथे मूळ संख्येला जागाच नाही. आता त्याच संख्या एकतीस घरांच्या ओळीत लिहून बघ, पट्टे तिरके होतील. संख्या त्याच, फक्त ओळीची लांबी बदलली. कॉलेजात असताना मी सहा रकान्यांत असेच पट्टे पाहिले होते आणि रात्रभर जागलो होतो. दुसऱ्या दिवशी माझ्या शिक्षकांनी एकच विचारलं, "हे संख्यांनी काढलंय की कागदानं?" तोच प्रश्न आज तुझ्या हाती देतो.

आता दुसरा कागद घे. मधल्या घरात १, उजवीकडे २, त्याच्या वर ३, मग डावीकडे ४, ५, खाली ६, ७, असं चकली पाडावी तसं बाहेर बाहेर लिहीत जा. १९६३ मध्ये स्टॅनिस्लाव उलाम हा गणिती एका कंटाळवाण्या व्याख्यानात बसला असताना कागदावर रेघा मारत होता. मनात बुद्धिबळाचं एखादं कोडं मांडायचं होतं, पण त्याने घरांना अशा रीतीने आकडे दिले आणि मूळ संख्यांवर खुणा केल्या. खुणा तिरप्या रेषांवर गोळा होताना दिसल्या. अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत मॅनिअक हा संगणक होता. मायरन स्टाइन आणि मार्क वेल्स यांच्या साथीने उलामने त्यावर मोठी चित्रं काढली, आणि रेषा तिथेही टिकल्या. मार्च १९६४ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकाच्या मुखपृष्ठावर ते चित्र आलं, आत गणिताच्या गमतींचं सदर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांचा लेख होता. (गार्डनर यांच्याच सदरात पुढे १९७५ मध्ये आपले देवळालीचे कापरेकर गुरुजी आले. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी आयुष्यभर हाताने आकडेमोड केली. म्हणून म्हणतो, प्रोग्रॅम नंतर लिही, पहिला कागद पेन्सिलीने भर.)

रेषा दिसल्या की लगेच हुरळू नकोस. या चकलीत शेजारची दोन घरं कधीच दोन्ही विषम नसतात. बुद्धिबळाच्या पटासारखं एक घर सम, एक विषम. २ सोडून सगळ्या मूळ संख्या विषम, म्हणजे त्या एकमेकींना फक्त कोपऱ्यातच भेटणार. काही तिरप्या रेषा नुसत्या याच कारणाने दिसतात. त्यांना वेगळं कसं काढायचं?

चिठ्ठ्या कर. चाळीस बाय चाळीसच्या चकलीत १ ते १६०० आकडे बसतात. त्यांत २ सोडून २५० मूळ संख्या आहेत आणि विषम संख्या ८००. पण सरसकट २५० चिठ्ठ्या उचलू नकोस, कारण मूळ संख्या मध्याशी दाट आणि कडेला विरळ असतात: पहिल्या शंभरात २५, १५०१ ते १६०० मध्ये १२. प्रत्येक शंभरात जितक्या विषम मूळ संख्या आहेत, तितक्याच विषम संख्या चिठ्ठ्या टाकून निवड आणि दुसऱ्या कागदावर रंगव. दोन्ही कागद भिंतीला लाव आणि लांबून बघ. चिठ्ठ्यांच्या कागदावरही रेषा दिसतील. मूळ संख्यांच्या कागदावर त्यापेक्षा जास्त काही दिसलं, तर तेवढंच आपलं.

आणि ते जास्तीचं असतं, हे बघायला मधल्या घरात १ ऐवजी ४१ लिही. पुन्हा चाळीस बाय चाळीस. मधल्या घरातून जाणारा कर्ण बघ: ४१, ४३, ४७, ५३, ६१, ७१, असं करत १६०१ पर्यंत चाळीसच्या चाळीस घरं लाल! ही क्ष² + क्ष + ४१ या सूत्राची किमया, जे ऑयलरने १७७२ मध्ये थोड्या वेगळ्या रूपात नोंदवलं होतं. क्ष ० पासून ३९ पर्यंत घे, प्रत्येक वेळी मूळ संख्या येते. ४० घेतलं की १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१.

इथे थांब, घाई करू नकोस. या कर्णावर गर्दी का, ते तुला हाताने तपासता येईल. क्ष ला ३ ने भागल्यावर बाकी ०, १ किंवा २ उरते. तिन्ही वेळा सूत्राची बाकी काढ: २, १, २. शून्य कधीच नाही. ५ साठी १, ३, २, ३, १. पुन्हा शून्य नाही. ७ साठी, ११ साठी, थेट ३७ पर्यंत हेच. या कर्णावरच्या कुठल्याही संख्येला ४१ पेक्षा लहान मूळ संख्येने भाग जाऊच शकत नाही. ही रेषा कागदाची नाही. चकलीत बाहेर जाणारी प्रत्येक तिरपी रेषा पुढे क्ष² + क्ष + ४१ सारख्या एखाद्या वर्गसूत्रावर चालते, आणि कुठल्या सूत्रावर किती मूळ संख्या पडाव्यात याचा अंदाज हार्डी आणि लिटलवूड या गणितींनी १९२३ मध्येच बांधला होता. अंदाजच. असं एकही वर्गसूत्र अजून नाही ज्यावर मूळ संख्या अनंत आहेत असं कोणी सिद्ध केलंय. तुझ्या पेन्सिलीखाली जी लाल रेषा येईल, तिचं पुढे काय होतं हे आज जगात कुणालाच ठाऊक नाही. याचं मला अजूनही नवल वाटतं.

कोऱ्या रेषाही बघ, त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. १ पासूनच्या चकलीत २१ वरून खाली उजवीकडे निघालीस की ४५, ७७, ११७ लागतात. तो कर्ण त्याच दिशेने कितीही लांबव, लाल घर येणार नाही. का, ते मी सांगत नाही. प्रत्येक संख्येत ४ मिळवून बघ, आणि उत्तर कागदासकट पाठव.

तुझा,
सर