संध्याकाळी लेक तोंड फिरवते

प्रश्न : मुलगी 13 महिन्यांची आहे. तीन महिन्यांपूर्वी मी मिहानमधल्या नोकरीवर परत रुजू झाले. सकाळी ती खेळात रमली की गुपचूप निघते. संध्याकाळी मला पाहून रडते, घ्यायला गेलं की हात झटकून आजीकडे झेपावते. मला रागच येतो. दोनदा ओरडले, मग अपराधी वाटून खेळणी आणली. ती माझ्यापासून तुटली का?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : नाही. परक्या माणसावर लेकरू असं रुसत नाही. आई नजरेआड झाल्याची धास्ती साधारण आठव्या महिन्यापासून सुरू होते आणि 10 ते 18 महिन्यांत सर्वांत जास्त असते. तुमची लेक ऐन त्याच काळात आहे.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ वर्षभराच्या बाळांच्या आईला तीनेक मिनिटं खोलीबाहेर पाठवत. बाळ किती रडलं यापेक्षा आई परतल्यावर ते काय करतं, याकडे त्यांचं जास्त लक्ष असे. तुमचाही प्रश्न त्या परतण्यातच आहे.

पण आधी सकाळ. गुपचूप निघालात की ‘आई कधीही नाहीशी होते’ एवढंच तिला कळतं. मग सुटीच्या दिवशीही ती पदर सोडत नाही. सांगून निघा. रोज एकच वाक्य, एक पापी आणि मिनिटभरात बाहेर. रडली तरी उंबरठ्यावरून माघारी फिरू नका.

संध्याकाळी फोन पर्समध्येच राहू द्या. हातपाय धुऊन आजीजवळ खाली बसा. ओढून घेऊ नका. “आईचा राग आला ना?” एवढं म्हणा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, ती सरकत येईल. आजीकडे झेपावली यात तुमची हार कसली? बाळाचा जीव एकाहून अधिक माणसांवर जडतो, ते चांगलंच.

खरी गोम तुमच्या रागात आहे. तिचं रुसणं तुम्हाला नकार वाटतं. लहानपणी स्वतःच्या रडण्यावर ‘गप बस’ एवढंच ऐकलेल्या आयांना बाळाचं रडणं पुष्कळदा असंच झोंबतं. राग चढला की तिला आजीकडे द्या, दुसऱ्या खोलीत जाऊन पाणी प्या. गदागदा हलवणं तर कधीच नको, मेंदूला इजा होते. ओरडलातच तर शांत झाल्यावर जवळ घ्या, मऊ आवाजात बोला. खेळणं इथे कामाचं नाही. तुमच्या चेहऱ्याची बसलेली भीती तुमच्याच चेहऱ्याने जाते. आई-बाळाच्या नात्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांना तर चांगलं जमणाऱ्या मायलेकरांचे सूरही जेमतेम 30 टक्के वेळ जुळलेले दिसले. बाकी वेळ बिघडणं आणि पुन्हा जुळवणं.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, बाळ झोपल्यावरही डोळा लागत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला, मराठीतही बोलता येतं. बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार आला तर त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टरांकडे जा.