वाचकांचे प्रश्न : बिबट्याच्या नजरेला नजर द्यावी का?

प्रश्न : आमच्या भागात शेतीपंपाची वीज काही आठवडे रात्रीची असते, त्यामुळे उसाला दारे धरायला मला रात्री एकट्यानेच जावे लागते. मागच्या महिन्यात बॅटरीच्या उजेडात साधारण वीस पावलांवर, बांधावर बिबट्या बसलेला दिसला. मी जागीच थिजलो. थोड्या वेळाने तो उठून फडात शिरला. चुलते म्हणतात, वाघाच्या डोळ्यांत डोळे घालून उभे राहिले की तो पुढे येत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, डोळे वटारले तर तो अंगावरच येतो. खरे कोणाचे मानावे?
— एक शेतकरी, जुन्नर तालुका

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. बिबट्याला तुमच्या नजरेआड होऊ देऊ नये, हे चुलत्यांचे सांगणे योग्य. मात्र डोळे रोखून त्याला आव्हान देऊ नये, हे भावाचे म्हणणेही तितकेच योग्य.

बिबट्या दबा धरून शिकार करतो. सावजाच्या नकळत जितके जवळ सरकता येईल तितके सरकायचे आणि मग एका झेपेत मान धरायची, ही त्याची रीत असल्यामुळे सावजाने वळून पाहिले की त्याचा निम्मा डाव तिथेच मोडतो. सुंदरबनात मध आणि लाकूड गोळा करणाऱ्यांनी १९८० च्या दशकात डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधून पाहिले, ते याच समजुतीने. पुढे बोत्सवानातील ओकावांगोच्या खोऱ्यात संशोधकांनी गुरांच्या पुठ्ठ्यांवर डोळे रंगवून हीच गोष्ट चार वर्षे तपासली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात डोळे रंगवलेल्या ६८३ गुरांपैकी एकही दबा धरणाऱ्या श्वापदाला बळी पडले नाही, तर काहीच न रंगवलेल्या ८३५ गुरांपैकी १५ मारली गेली. तिथला मुख्य शिकारी सिंह होता, त्यामुळे तो आकडा आपल्या उसाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी ‘मी तुला पाहिले आहे’ एवढे कळवणे मांजरकुळातील प्राण्यापुढे किती मोलाचे असते, हे त्यातून दिसते.

म्हणून समोर बिबट्या आला तर तोंड त्याच्याकडेच ठेवा, पाठ फिरवू नका आणि काही झाले तरी पळू नका, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणे हे त्याच्या रक्तातच असते. ताठ उभे राहून हात वर करा, मोठ्या आवाजात बोलत राहा आणि एकेक पाऊल मागे घ्या. नजर त्याच्या सगळ्या अंगावर असू द्या. कान मागे पडले, अंग जमिनीसरशी झाले, तर तो झेपेच्या तयारीत आहे हे तुम्हाला वेळीच कळेल. दगड उचलायलाही वाकू नका. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. पिल्ले जवळ असलेली मादी, विहिरीत पडलेला किंवा गर्दीने कोंडलेला बिबट्या यांच्यापुढे कोणाचीही नजर कामाला येत नाही. तिथून दूर होऊन वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

परंतु खरे सांगायचे तर वीस पावले हे अंतरच फार कमी आहे, आणि मला तुमची काळजी वाटते ती त्याआधीच्या दहा मिनिटांची. शेताच्या वाटेवर कानात इअरफोन घालू नका. उलट मोबाइलवर गाणी मोठ्याने लावा, काठीला घुंगरू बांधा आणि बॅटरीचा झोत पायांपुरता न ठेवता दोन्ही बांधांवरून फिरवत चला. दारे मोडताना माणूस वाकतो, आणि वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही. तेव्हा प्रत्येक सरीला वाकण्यापूर्वी एकदा चहूबाजूंना उजेड टाकून पाहा. शक्य असेल तिथे शेजारच्या शेतकऱ्याशी पाळी जुळवून दोघांनी मिळून जा. बिबट्याच्या पट्ट्यात शेतीला दिवसा वीज मिळावी, ही मागणी मला अगदी रास्त वाटते. माणसाने अंधारात एकट्याने उसात उतरायचे आणि जीव केवळ सावधपणावर सोपवायचा, हे कायमचे चालू देऊ नये.

प्रश्न : पहाटे कामावर जाताना गल्लीतली कुत्री अंगावर धावून येतात. त्यांच्याकडेही असेच पाहत राहावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. कुत्र्याच्या भाषेत रोखून पाहणे म्हणजे भांडणाला बोलावणे. थांबा, अंग थोडे तिरके करा, नजर त्याच्या पायांजवळच्या जमिनीवर ठेवा आणि तो डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसत राहील अशा बेताने हळूहळू बाजूला व्हा. पाठ फिरवून धावू नका. दुचाकीवर असाल तर वेग वाढवण्याऐवजी कमी करा. हातातली पिशवी किंवा छत्री दोघांच्या मध्ये धरली तर तेवढाच आडोसा होतो. तरीही चावा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा, मग कुत्रे ओळखीचे असले तरीही.