धावण्याची चार कामं

सातारा, रविवार दुपार

अगं पोरी,

तुझा मेसेज काल रात्री पाहिला. ‘काकू, जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन रद्द. उजव्या नडगीच्या हाडाला पुन्हा ताणानं बारीक चीर, स्ट्रेस फ्रॅक्चर. ग्रुपवर सांगू नका.’ नाही सांगितलं. पण आज सकाळी मैदानावर तिघांनी तुझी चौकशी केली आणि मला थापा माराव्या लागल्या. मला त्या जमत नाहीत, तुला माहीत आहे. तेव्हा लवकर तूच काय ते सांगून टाक.

फोनच करणार होते. पण फोनवर तू ‘हो काकू, हो काकू’ करतेस आणि पुढच्या आठवड्यात बूट बांधून बाहेर पडतेस. मागच्या वेळी तेच झालं. डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितले होते आणि पाचव्या आठवड्यात तुझे दहा किलोमीटर मी धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रावा ॲपवर पाहिले. पाहून गप्प बसले. तेव्हा कान धरायला हवा होता. तो आता धरतेय.

तू विचारलंयस, परत कधी धावता येईल? ते डॉक्टर सांगतील. मला वेगळंच विचारायचंय. परत धावायलाच हवं का गं? तुला यवतेश्वरचा घाट पहिल्यांदा चढायला लावला तो मीच, तू अकरावीत असताना. त्यामुळे हे विचारायचं धाडसही माझ्याच अंगावर येतं.

घाबरू नकोस, ‘धावून गुडघे झिजतात’ वगैरे सांगायला बसलेले नाही. ते सांगणारी मंडळी बहुतेक वेळा सोफ्यावर बसून सांगतात. हौसेनं, बेतानं धावणाऱ्यांमध्ये संधिवात बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त आढळत नाही, असंच आजवरचा अभ्यास सांगतो. पण तुझी गोष्ट गुडघ्याची नाही, हाडाची आहे. हिशेब कर. तू मिनिटाला साधारण 170 पावलं टाकतेस. दोन तासांच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये वीस हजारांवर पावलं होतात, म्हणजे एकेका पायावर दहा हजार. प्रत्येक पाऊल अंगाच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार घेऊन पडतं. निरोगी हाडाला हे चालतं, उलट त्यानं ते बळकट होतं, कारण रोज होणारी बारीक झीज शरीर हळूहळू भरून काढत असतं. तुझ्याकडे भरून काढणारा गवंडी कामावर येत नाहीये. दोन वर्षांत दोनदा तीच नडगी, याचा अर्थ तोच.

म्हणून एक प्रश्न स्पष्टच विचारते. पाळी वेळेवर येते का? मागच्या हिवाळ्यात तू मला हसत म्हणाली होतीस, ‘तीन महिने सुट्टी आहे काकू, रेसला बरंच झालं.’ मीही हसले होते. आपण दोघीही मूर्ख. धावणाऱ्या मुलीची पाळी थांबते तेव्हा बऱ्याचदा पोटात पुरेसं जात नसतं. शरीर आधी चैनीचे खर्च बंद करतं, आणि त्याच्या दृष्टीनं पाळी ही चैनच. ती थांबते तेव्हा हाडं जपणारं संप्रेरक, इस्ट्रोजेन, कमी झालेलं असतं आणि हाडाची डागडुजी मंदावते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 मध्ये या सगळ्या प्रकाराला एकत्र नाव दिलं, रेड-एस. नाव नवीन, पण गुरुवारचा उपवास करून शुक्रवारी पहाटे रिकाम्या पोटी 18 किलोमीटर धावणाऱ्या मुली आपल्याकडे आधीपासून होत्या. त्यातली एक कोण ते तुला ठाऊक आहे. हे सगळं डॉक्टरांना सांग. नडगीच्या डॉक्टरांनी पाळीचं विचारलं नसेल तर तू होऊन सांग, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जा.

हे झालं तब्येतीचं. आता मनातलं.

सोडलं की हरलं, असं तुझ्या डोक्यात आहे. आपल्याच जिल्ह्यातली ललिता बाबर आठव. माण तालुक्यातल्या मोहीची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांमध्ये सलग तीनदा पहिली आली. तेवढ्यावर आयुष्यभर हार घालून घेता आले असते. तिनं लांब पल्ला बाजूला ठेवला आणि 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळली, अडथळ्यांवरून आणि पाण्यातून उड्या मारायच्या शर्यतीकडे. 2016 ला रिओमध्ये ऑलिंपिकची अंतिम फेरी धावली, दहावी आली. तिनं धावणं सोडलं नाही हे मान्य, पण जे जमत होतं, ज्यानं नाव दिलं, ते तिनं सोडलं. आपल्याला तर कुणी हारही घालत नाही. मग आपल्याला एवढं जड का जावं?

मी 2016 मध्ये सोडलं. 47 व्या वर्षी सुरू केलं होतं, साताऱ्यात हिल मॅरेथॉन सुरू झाली त्या साली, 2012 ला. तीनदा ती पूर्ण केली. कासच्या रस्त्यावरून उतरताना गुडघ्याची आतली गादी फाटली, तरी दोन वर्षं पट्टा बांधून धावत राहिले. चढ कुणालाही दमवतो, पण गुडघ्याचा खरा सूड उतारावर निघतो. सोडलं तेव्हा सहा महिने मी साताऱ्यातल्या ‘चार भिंती’च्या टेकडीकडे फिरकले नाही. तिथे पहाटे चालायला येणाऱ्यांना आम्ही ‘पेन्शनर पार्टी’ म्हणायचो आणि आता त्यांच्यात जायचं? इतकी आखडू होते मी.

मग पोहायला लागले. आमच्या लहानपणी पोहणं म्हणजे पाठीला पत्र्याचा डबा बांधून मामानं विहिरीत ढकलून देणं. तेवढं येत होतं, म्हणजे बुडत नव्हते. तलावावर पहिल्या दिवशी 25 मीटरमध्ये धापा टाकायला लागले. घाट चढणारी बाई! शेजारच्या पट्ट्यात माझ्याच वयाच्या एक गुबगुबीत बाई गप्पा मारल्यासारख्या आरामात ये-जा करत होत्या. तुझंही हेच होणार, तेव्हा आधीच सांगून ठेवते. धावणारे पाण्यात पायांनी फार झोडपतात. घोटे ताठ असतात, त्यामुळे पाय पंख्यासारखे हलत नाहीत आणि ब्रेकसारखे खाली लोंबतात. शिवाय श्वास रोखून धरतात. तोंड पाण्यात असताना नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडत राहायचे, म्हणजे वर आल्यावर फक्त आत घ्यायचं उरतं. एवढं जमलं की अर्धी धाप जाते. एखाद्या चांगल्या शिक्षकाकडून महिनाभर शिक. ‘येतं की मला’ म्हणू नकोस.

डॉक्टरांनी परवानगी दिली तर खोल पाण्यात कमरेला तरंगणारा पट्टा बांधून धावण्यासारखे पाय चालव. तळाला पाय लागत नाही, म्हणून नडगीवर आदळ नाही, आणि छाती मात्र चांगली भरते. दुखापत झालेले मोठमोठे धावपटू हे करतात. बघणाऱ्यांना वेड्यासारखं दिसतं, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आता माझी चूक सांगते. हे पत्र खरं तर त्याच्यासाठीच आहे.

पाणी मला इतकं आवडलं की सहा वर्षं मी दुसरं काही केलंच नाही. आठवड्यात पाच दिवस पोहणं, रविवारी सायकल. वजन आटोक्यात, रक्तदाब उत्तम, नाडी मिनिटाला 58. मैत्रिणींना ऐकवायचे, ‘बघा, सांध्यांना काही त्रास नाही!’ 2022 मध्ये अंगणात पाय घसरून हातावर पडले आणि मनगट मोडलं. उभ्या उंचीवरून पडून मोडलं, म्हणून डॉक्टरांनी डेक्सा करायला लावला. डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, पडून राहायचं, दुखत काही नाही. मणक्याचा टी-स्कोअर उणे 1.9 आला. उणे 1 पर्यंत ठीक, उणे 2.5 ला ठिसूळपणा धरतात, मी मधल्या पायरीवर. मी म्हटलं, अहो, मी आठवड्यात पाच दिवस व्यायाम करते! ते म्हणाले, पाण्यात तुमचं वजन पाणी उचलतं, सायकलवर सीट उचलते, हाडाला काम कधी देता?

घरी येऊन मुकाट्यानं बसले. पन्नाशीत पाळी गेली, हाडाला इस्ट्रोजेनची सोबत सुटली, आणि नेमकं त्याच सुमारास मी त्याच्यावरचा भारही काढून घेतला. पोहण्याचा दोष नाही. धावणं एकटं चार कामं करत होतं: छातीचा दम, स्नायूंची ताकद, हाडांवरचा भार, आणि पहाटेची माणसं. मी सोडताना दम तेवढा पाण्याकडे सोपवला आणि बाकीची कामं कुणाकडेच दिली नाहीत. एकत्र कुटुंबातली बाई माहेरी जाते तेव्हा स्वयंपाक कोण करणार ते सगळे ठरवतात, पण तुळशीला पाणी कोण घालणार हे कुणाच्या लक्षात राहत नाही. तसं झालं.

तुझं तर उलट कारणानं महत्त्वाचं. हाडांची पुंजी साधारण तिशीपर्यंत भरते, पुढे ती जपायची असते. तू 26 ची आहेस. म्हणजे भरायची मोजकीच वर्षं राहिली आणि तीच तू उधारीवर काढतेयस. तुलाही डेक्सा लागेल का ते डॉक्टरांना विचार. सांगितलाच तर तुझ्या वयात झेड-स्कोअर बघतात, म्हणजे तुझ्याच वयाच्या बायकांशी तुलना, टी नाही. रिपोर्ट हातात आल्यावर इंटरनेटवर माझ्यासारखे आकडे शोधून घाबरत बसू नकोस.

मग मी वजनं उचलायला लागले. 57 व्या वर्षी, जिममध्ये, पोरांच्या गाण्यांच्या गोंगाटात. लहानपणी वडील रोज अंगणात जोर-बैठका काढायचे, तेव्हा आम्हा मुलींना तिथे उभंसुद्धा राहू देत नसत. त्यामुळे पहिल्यांदा बार खांद्यावर घेतला तेव्हा मला उगाच हसू आलं. सुरुवात रिकाम्या दांडक्यानं केली. आता आठवड्यात दोनदा जाते: स्क्वॉट म्हणजे भार घेऊन बैठका, डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरून बार उचलणं, खांद्यावरून वर ढकलणं, आणि एका पायावर पायरी चढणं. गुलाबी रंगाचे एक किलोचे डंबेल्स घेऊन वीस-वीसदा हात हलवायचे नाहीत. शेवटच्या दोन वेळा खरोखर जड गेल्या पाहिजेत, तरच हाडाला निरोप पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांमधलं आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या खालीच आठवड्यात किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम असंही लिहिलंय, ते मी 57 व्या वर्षी वाचलं. तू नडगी भरेपर्यंत कमरेच्या वरचं कर, पायांचं डॉक्टर किंवा फिजिओ सांगतील तेव्हाच. उड्या, दोरी तर सगळ्यात शेवटी.

आणि पोरी, जेव. भाकरी नाचणीची खा, दूध पी, डी जीवनसत्त्व तपासून घे. व्यायामाच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळेला उपवास नको. देवाला सांग, काकूंनी मना केलंय.

सायकलबद्दल फार लिहीत नाही, तुला ती आवडेलच. फक्त सीट खाली ठेवू नकोस, गुडघ्याच्या पुढे दुखतं. टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाला नेलं की पाय जेमतेम सरळ व्हावा, एवढी उंची. पुण्यात पहाटे साडेपाचलाच निघ, सातनंतर रस्त्यावर सायकलवाल्याला कुणी माणूस समजत नाही. आणि लगेच 200 किलोमीटरची ब्रेव्हे, ती ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत करायची स्वप्नं बघू नकोस. मला माहितीये, तू हा परिच्छेद वाचतानाच गुगल करशील.

हेच तुझं खरं दुखणं आहे. तू प्रत्येक गोष्टीला घड्याळ लावतेस. मीही लावायचे. तलावावर पहिल्या वर्षी फेऱ्या मोजायचे, गुबगुबीत बाईंना मागे टाकायचे मनसुबे रचायचे. नंतर त्या मैत्रीण झाल्या. आता पोहून झालं की आम्ही कट्ट्यावर बसून चहा पितो, ओले केस पंचात गुंडाळून. पहाटेच्या माणसांचं चौथं काम तिथे भागलं. तुझ्या ग्रुपमधली मंडळी तू न धावताही तुझीच आहेत, पण ते त्यांना कळायला आधी त्यांना सांगावं लागेल ना? लाँग रनच्या दिवशी पाणी आणि केळी घेऊन वाटेत उभी राहा. सुरुवातीला पोटात कालवेल. माझंही कालवलं होतं, यवतेश्वरच्या वळणावर संत्र्याच्या फोडी वाटताना. तिसऱ्या वर्षी मात्र कुणाला फोड द्यायची आणि कुणाला आधी खाली बसवायचं हे मला लांबूनच ओळखू यायला लागलं.

पुढेमागे नडगी भरली, पाळी सुरळीत झाली आणि डॉक्टर हो म्हणाले, तर धाव की. मी काही शपथ घालत नाही. आठवड्यात दोनदा मातीवर तीन किलोमीटर धावणं हाही धावण्याचाच प्रकार आहे. मला गुडघा तेवढंही देत नाही. त्यातलं किती घ्यायचं ते तेव्हा ठरव, आत्ता नको.

डॉक्टरांकडे जाऊन आलीस की काय म्हणाले ते कळव. आणि वर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही. लिहायला अवघड वाटत असेल तर फोन कर, सकाळी सात ते आठ सोडून. तेव्हा मी पाण्यात असते.

तुझी
काकू