थेरपिस्टलाही ब्लॉक करावंसं वाटतंय

ताई, मी 29 वर्षांची. मला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे. माणूस मला एक तर देव वाटतो, नाही तर नालायक. जिवाभावाच्या मैत्रिणीने दिवसभर मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणून तिला ब्लॉक केलं आणि रात्री रडत अनब्लॉक केलं. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची थेरपी, चालू आहे. थेरपिस्ट माणसांना शून्य ते शंभर मार्क द्यायला लावते, तो मला पोरखेळ वाटतो. त्यात परवा तिने ऐनवेळी अपॉइंटमेंट पुढे ढकलली. तिला माझं काही पडलेलं नाही. थेरपी सोडू का?

सोडू नकोस. निदान या रागात तरी नको. मैत्रिणीच्या बाबतीत झालं तेच आता थेरपिस्टच्या बाबतीत होतंय, आणि ते तुझ्याच पत्रात लिहिलंय.

मार्क देण्यामागचं कारण तुला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. नुसता कागद हातात ठेवणाऱ्यांचा मलाही राग येतो. आधी दोन्ही टोकं ठरवायची असतात. शून्य मार्कांची मैत्रीण काय करेल? तुझी गुपितं चारचौघांत सांगून हसेल. शंभरवाली? कधी दमणार नाही, आजारी पडणार नाही, मध्यरात्रीही लगेच उत्तर देईल. आता सांग, एक दिवस गप्प राहिलेली कुठे बसते? तू चाळीस दिलेस तरी चालतील. तुला दुखलं हे खरंच आहे, ते पुसायला कोणी सांगत नाही. तपासायचा आहे तो त्या दुखण्यातून निघालेला निकाल.

पण डोकं तापलेलं असताना हे जमत नाही. तेव्हा तोंडावर गार पाणी मार, श्वास सावकाश सोड, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. कागद नंतर.

‘विचार बदल’ एवढंच ऐकलं की आपल्यालाच चूक ठरवल्यासारखं वाटतं, ही तक्रार जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांना सीबीटी वापरताना हेच आढळलं. म्हणून त्यांनी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) उभी केली. तिचं मुख्य पुस्तक 1993 मध्ये आलं. तिथे बदलाइतकंच महत्त्व माणसाला तो आहे तसा समजून घेण्याला असतं. ‘ती माझ्यावर चिडली आहे आणि तिला मी हवीही आहे’, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, याचा सराव तिथे होतो. तुझ्या थेरपिस्टला याबद्दल जरूर विचार.

आणि पुढच्या भेटीत पहिलं वाक्य हे म्हण: ‘तुम्ही अपॉइंटमेंट हलवलीत तेव्हा मला टाकून दिल्यासारखं वाटलं.’ यावर ती काय करते ते बघ. ऐकून घेतलं, तर थेरपीतलं खरं काम तिथेच सुरू होईल. हसण्यावारी नेलं किंवा वेळा सारख्याच मोडत राहिली, तर खुशाल दुसरी शोध, मात्र शांत डोक्याने.

स्वतःला इजा करावीशी वाटली तर भेटीची वाट बघू नकोस. लगेच जवळच्या माणसाला सांग, हेल्पलाइनला फोन कर किंवा हॉस्पिटल गाठ.

मैत्रिणीला मोठं माफीपत्र लिहीत बसू नकोस. एवढंच कळव: ‘उत्तर आलं नाही की मी घाबरते. गडबडीत असशील तेव्हा “उद्या बोलते” एवढं टाकशील का?’